खिदमतीचे इनाम

आपल्या प्रशालेच्या माजी विद्यार्थिनींनी मैत्री आणि शील यांसाठी यंदापासून एक पारितोषिक ठेवण्याचे योजिले, आणि स्मरणिकेच्या संपादक मंडळाने त्या पारितोषिकाचा इतिहास लिहिण्याची कामगिरी मजकडे सोपविली, तेव्हा मला प्रथम मोठा संकोच वाटला. कारण जे अद्याप एकदाही दिले गेलेले नाही, ज्याच्या नोंदवहीचे पहिले पानही कोरेच आहे, त्याचा इतिहास आणावा कोठून? पुढे विचार करिता करिता ध्यानी आले, की घरात पाळणा हलला म्हणजे आपल्या बायका बाळाचा पराक्रम विचारीत नाहीत, त्याचे आजोळ विचारतात. या पारितोषिकालाही आजोळ आहे. ते जळकोटात नाही. त्याचा थोडा अंश आपल्याच जिल्ह्यातील हिप्परग्यात आहे आणि बराचसा पुण्याच्या हुजूरपागेत. म्हणून प्रस्तुत लेखात मी पारितोषिकाचा नव्हे, तर त्याच्या आजोळाचा वृत्तान्त सांगणार आहे, आणि तो सांगून झाल्यावर त्याच्या अटी कशा ठरल्या ते नमूद करणार आहे.

ज्या दिवशी ही कल्पना प्रथम बोलली गेली, त्या दिवशी आमच्यातील सर्वांत वडील माजी विद्यार्थिनीने तिला सहज 'मैतरकीचं इनाम' असे नाव दिले. पारितोषिक हा शब्द तिच्या जिभेवर चढेना, एवढेच त्याचे कारण. पण त्या एका शब्दाने माझ्या विचारास जी दिशा लागली ती अखेरपर्यंत सुटली नाही. इतरत्र इनाम म्हणजे बक्षीस. आपल्या या जुन्या मोगलाई मुलखात मात्र इनाम म्हणजे आधी जमीन. आणि त्या जमिनीचेही दोन प्रकार आपल्या वाडवडिलांच्या दप्तरांत पदोपदी आढळतात : एक मदतमाश, म्हणजे निर्वाहासाठी दिलेली, जिच्या बदल्यात काही करावे लागत नसे, आणि दुसरी खिदमतमाश, म्हणजे देवळात दिवा लावणे, दर्ग्याची झाडलोट करणे, वाजंत्री वाजविणे अशा कोणत्या ना कोणत्या सेवेच्या अटीवर दिलेली. सेवा चुकली तर ती जमीन धारकाकडे ठेवावी की नाही, असा प्रश्न उभा राही. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने पुष्कळशी इनामे इतिहासजमा झाली. पण शब्दांतील भेद वृद्धांच्या तोंडी राहिला आहे. मला वाटू लागले, की आपण जे देऊ पाहतो आहोत ते मदतमाश आहे की खिदमतमाश, हा निर्णय आधी झाला पाहिजे.

आता आजोळाकडे वळू.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गच्या पूर्वेस, हे आपले जळकोट १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात प्राथमिक इयत्तांच्या पलीकडे शिक्षणाचे माध्यम उर्दू असे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर ते थेट पदवीपर्यंत नेले. देशी भाषेत उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ, या दृष्टीने तो प्रयोग हिंदुस्थानात विरळा होता, हे मी मोकळेपणाने मान्य करीन. परंतु ज्या मुलीची भाषा उर्दू नव्हती, तिच्यासाठी ते दार दुप्पट जड झाले, हेही तितकेच खरे. खासगी मराठी शाळा काढावी तर सरकारची मंजुरी हवी, आणि ती मिळविण्यासाठी अर्जविनंत्या करिता करिता माणसे थकत. अशा काळी, १९२१ साली, आपल्याच जिल्ह्यात, आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने अवघ्या हैदराबाद संस्थानाने ज्यांना ओळखले, ते तेव्हाचे व्यंकटेश खेडगीकर या शाळेचे मुख्याध्यापक होते. तेथून ते अंबाजोगाईस, त्या काळच्या मोमिनाबादेस, गेले आणि त्यानंतर मुक्तिसंग्रामाच्या धुरेस जुंपले गेले. त्या शाळेत गुरू आणि शिष्य एकत्र राहत, एकत्र काम करीत आणि शील हा तेथे वेगळा विषय नव्हता. मात्र ती मुलग्यांची शाळा होती. आपल्या आज्या त्या वेळी घरी जात्यावर होत्या. म्हणून आजोळाचा मोठा भाग पुण्यात शोधणे मला भाग आहे.

पुण्यातही आधी एका लहान मुलीस वंदन केल्याशिवाय पुढे जाववत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने चौदाव्या-पंधराव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. तिच्याविषयी परंपरेने अशी हकीकत सांगितली जाते, की बक्षीस म्हणून खाऊ देऊ करणाऱ्या साहेबाजवळ तिने खाऊऐवजी ग्रंथालय मागितले. हकीकतीचा शब्दन् शब्द दस्तऐवजाने सिद्ध होवो वा न होवो, निबंध आपल्यापुढे आहे, आणि तो ज्याने वाचला त्याला ती मागणी त्या लेखणीस शोभेशीच वाटेल. बक्षीस एकीच्या ओंजळीत संपू नये, ते सर्वांच्या उपयोगी पडावे, ही जाण आपल्याकडील मुलींच्या शिक्षणाच्या प्रारंभकालातच अशी प्रकट झाली होती.

हुजूरपागा म्हणजे पेशव्यांच्या खाशा घोडदळाची पागा. ज्या जागी सरकारी घोडी बांधली जात, त्या जागेचे नाव मुलींच्या शाळेस मिळाले आणि कालांतराने मूळ अर्थ विसरला जाऊन ते नाव मुलींचेच झाले, हे मला फार समाधानाचे वाटते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींच्या प्रयत्नाने १८८४ साली ही शाळा सुरू झाली. मुलींना इंग्रजीसह उच्च शिक्षण द्यावे की घरकामास उपयोगी तेवढेच द्यावे, यावर त्या वेळी पुण्यात जो वाद माजला त्यात लोकमान्य टिळकांची वृत्तपत्रे शाळेच्या शिक्षणक्रमाविरुद्ध होती. त्या वादाचा तपशील पुष्कळांनी लिहिला आहे. मला महत्त्वाची वाटते ती त्याच शाळेच्या जन्माशी निगडित असलेली घरातली एक गोष्ट, जी न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत सांगितली आहे.

मुलींसाठी हायस्कूल व्हावे म्हणून पुण्यात सभा भरली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन आले होते. आणि त्यांच्यापुढे इंग्रजी निवेदन वाचण्याचे काम रमाबाईंवर आले. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावची, अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, नवऱ्याजवळ रात्री दिव्याशी बसून अक्षरे शिकलेली ही तरुण स्त्री भरसभेत उभी राहिली आणि तिने ते वाचले. सभेत टाळ्या झाल्या असतील. घरी मात्र वडीलधाऱ्या बायकांनी तिला टोचून टोचून बोलून घेतले. ते तिने निमूटपणे सोसले. मला या प्रसंगात सभेपेक्षा घर अधिक दिसते. गव्हर्नरापुढे बोलण्यास जे धैर्य लागते ते क्षणाचे. सासरच्या माजघरात दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बायकांच्या शेजारी बसून भाजी निवडण्यास जे लागते, त्यास मी शील म्हणते. आणि या काळात तिला सोबत होती ती अन्य स्त्रियांची. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. त्याच्या सभांना रमाबाई रानडे जात, म्हणूनही घरात रोष होई. दोन रमाबाया, एक संस्कृत शास्त्रांत पारंगत आणि हिंदुस्थानभर पायी भटकलेली, दुसरी माजघराचा उंबरठा नुकता ओलांडणारी. पुढे दोघींचे मार्ग किती भिन्न झाले ते सर्वश्रुत आहे. पण ज्या काळी मुलींच्या हायस्कूलची कल्पना पुण्यात रुजत होती, त्या काळी या दोघी एकमेकींना धरून होत्या. शाळेच्या पायात मैत्री आधी गेली, दगड मागाहून.

या शाळेच्या वसतिगृहात, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, एक सात वर्षांची मुलगी दाखल झाली. तिचे वडील गणेश हरी करमरकर ब्रह्मदेशात अभियंता म्हणून नोकरीस होते. तिचा जन्म १९०५ साली तेथेच झाला आणि तेथल्या महानदीवरून तिचे नाव इरावती ठेविले गेले. आईबापांपासून समुद्रापलीकडे, परक्या शहरात, वसतिगृहाच्या शिस्तीत सात वर्षांच्या पोरीने राहावे, हे आज आपल्याला कठोर वाटते. त्याच शाळेत शकुंतला परांजपे शिकत होती; फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची ती मुलगी, इरावतीच्याच बरोबरीची. शाळेतली ओळख घरापर्यंत गेली, शकुंतलेच्या आईचा जीव त्या दूरदेशीच्या मुलीवर जडला, आणि परांजप्यांनी तिला आपल्या घरी दुसऱ्या मुलीसारखे वाढविले.

येथे मी थोडी थांबते. एकुलत्या एक मुलीच्या घरात दुसरी मुलगी येते, त्याच पंक्तीत जेवते, त्याच वडिलांच्या पुस्तकांना हात लावते, तेव्हा खरी परीक्षा कोणाची? पाहुणीची नव्हे; जिच्या घरी ती आली तिची. आईच्या मायेत वाटेकरी घेणे हे लहान मुलीस खाऊ वाटण्याहून शतपट अवघड. त्या वयातील त्या घरात काय बोलले गेले, रुसवेफुगवे झाले की नाहीत, हे कोणी लिहून ठेवावे असे त्यात काही नव्हते. पण परिणाम उघड आहे. जिच्यासाठी एक घर उघडले गेले ती इरावती कर्वे झाली, महाराष्ट्राच्या समाजाचा, नात्यागोत्यांचा आणि महाभारताचा विचार तिच्यावाचून आज आपल्याला करिताच येत नाही.

तिच्या शीलाचा एक दाखला तर असा आहे, की तो प्रत्येक परीक्षकाने कपाटाच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावा. बर्लिन येथे डॉक्टरेटसाठी ती ज्या प्राध्यापक ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली गेली, त्यांचे गृहीत असे होते, की मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशावर अवलंबून असते आणि ती गौरवर्णीय युरोपीयांच्या श्रेष्ठत्वाची खूण होय. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. मोजमापात तसे काही निघाले नाही, आणि निघाले नाही असेच त्यांनी प्रबंधात लिहिले. १९३० साली पदवी मिळाली खरी; पण गुरूने श्रेणी अगदी खालची दिली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. म्हणजे त्या वर्षी त्या संस्थेत शीलाचे पारितोषिक असते आणि ते देण्याचा अधिकार फिशरसाहेबांकडे असता, तर ते ज्या एकीला मिळावयास हवे होते तिला सोडून अन्य कोणालाही मिळाले असते. परीक्षकाच्या आसनावरून शील दिसतेच असे नाही. पुष्कळदा तेथून ते उद्धटपणासारखे दिसते.

आणि शकुंतला? तिने केंब्रिज येथे गणिताचा अभ्यास पुरा केला, जिनीव्हास आंतरराष्ट्रीय कामगार कचेरीत नोकरी केली, १९३७ च्या 'कुंकू' बोलपटात भूमिकाही केली. परंतु आयुष्याचे खरे कार्य तिला सापडले ते १९३८ पासून, रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या सोबतीने संततिनियमनाच्या प्रचारात. रघुनाथरावांनी १९२७ पासून मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले आणि त्यापायी खटले, दारिद्र्य व निंदा यांचा अनुभव घेतला. जे शब्द चारचौघांत उच्चारण्यास पुरुष धजत नव्हते ते खेड्यापाड्यांतील बायकांपुढे बोलत शकुंतलाबाई हिंडल्या. पुढे १९६४ ते १९७० या काळात राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली आणि १९९१ मध्ये पद्मभूषण हा किताब आला. आता नात्यांचा हा योग पाहा : इरावतीबाईंचे पती दिनकर धोंडो कर्वे हे रघुनाथरावांचे सावत्र भाऊ, आणि दोघेही महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र. दिनकररावांच्या मातोश्री आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे शिक्षण पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात झाले होते. हुजूरपागेच्या वर्गात ज्या दोघी एकमेकींना भेटल्या, त्यांच्यापैकी एक कर्व्यांच्या घरात सून म्हणून गेली आणि दुसरी त्याच घरातील सर्वांत एकाकी माणसाच्या कार्यात सहकारी म्हणून उभी राहिली. कोणत्या वर्षी, कोणत्या समारंभात, यांतील कोणत्या एकीच्या हाती आपण मैत्रीचे पारितोषिक दिले असते?

हाच प्रश्न आमच्या बैठकीत आला, आणि तो पुण्याचा इतिहास न वाचलेल्या स्त्रीने विचारला. दिवाळीच्या सुटीत आम्ही तीस-पस्तीस जणी जमलो होतो. काही जळकोटातल्याच, काही उमरगा, अणदूर, सोलापूर येथे दिलेल्या. कोणी म्हणे, वर्तणुकीचे गुण धरावे. कोणी म्हणे, हजेरी पाहावी. कोणी म्हणे, ते शिक्षकांवर सोपवावे. इनामाचे नाव देणारी आमची ती वडील माजी विद्यार्थिनी मात्र एवढेच बोलली : "बाई, मैतरकी दोघीत असती वो. इनाम एकीलाच कसं द्यायचं?"

त्यानंतर क्षणभर कोणी बोलले नाही, आणि मग एक मुलगी उठली. मुलगी म्हणते ती सवयीने. ती आता चाळिशी ओलांडलेली परिचारिका आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता जो भूकंप झाला, त्यात लोहारा-उमरगा भागातील तिचे गाव जमीनदोस्त झाले आणि ती मामाकडे जळकोटास येऊन माझ्या आठवीच्या वर्गात बसू लागली. दप्तर, वह्या, पुस्तके सर्व ढिगाऱ्याखाली गेलेले. त्या वर्षी शास्त्राच्या वह्या तपासताना दोन वह्या मला तंतोतंत सारख्या आढळल्या. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्दही दोन्हींत एकाच रीतीने चुकलेला. मी वर्गात विचारले, कोणी कोणाची पाहून उतरविली? नवीन मुलगी काही बोलण्यापूर्वीच तिच्या शेजारची उठली आणि म्हणाली, मी उतरविली. मी तिला रागावले, आणि त्या वर्षीच्या आदर्श विद्यार्थिनीच्या यादीतून तिचे नाव माझ्या हाताने खोडले. खरी गोष्ट अशी होती, की मागील तीन महिन्यांची संपूर्ण वही तिनेच रात्री बसून आपल्या मैत्रिणीसाठी स्वहस्ते लिहून काढली होती, आणि भूकंपाने घर गेलेल्या पोरीला भरवर्गात वहीबद्दल उत्तर द्यावे लागू नये म्हणून दोष अंगावर घेतला होता. हे मला तीस वर्षांनी, त्या बैठकीत कळले. जिचे नाव मी खोडले ती तेथेच भिंतीशी बसली होती. ती म्हणाली, "सोडा ना बाई, किती जुनं झालं ते." मला ते सोडता येत नाही, आणि या स्मरणिकेत लिहून ठेवण्याचे कारणही तेच.

त्या सायंकाळी अटी ठरल्या. इनाम एका नावावर कधीही दिले जाणार नाही. दोन नावे असतील, क्वचित तीन. ते नववीच्या मुलींना मिळेल आणि निवड वर्गातील मुलीच गुप्त चिठ्ठ्यांनी करितील; शिक्षक चिठ्ठ्या मोजतील, पण मत देणार नाहीत. गुण, हजेरी, वक्तृत्व यांतले काहीही विचारात घेतले जाणार नाही. आणि हे इनाम मदतमाश नसून खिदमतमाश राहील. ज्यांना ते मिळेल त्यांनी दहावीच्या वर्षी आठवीत नव्याने आलेल्या एका मुलीची सोबत करावयाची. वाडीवरून पायी येणारी, किंवा तांड्यावरून आलेली, जिच्या घरी गोरमाटी बोलतात आणि वर्गातील मराठी जिला पहिले दोन महिने पाठीमागच्या बाकावर ढकलते, अशी ती मुलगी असेल. दिवाळीनंतर आईबाप मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस गेले आणि तिलाही धाकट्या भावंडांसाठी टोळीबरोबर जावे लागले, तर ती परत येईपर्यंत तिच्या सर्व विषयांच्या वह्या या दोघींनी लिहून ठेवावयाच्या. सोबत म्हणजे काय, यावर बैठकीत बराच खल झाला. वह्यांची अट कोणी घातली हे मात्र मला सांगावयास नको.

रकमेचा भाग अल्प आहे आणि त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. नोंदवही मात्र चांगली जाड पुठ्ठ्याची आणली आहे आणि तिचे पहिले पान मी स्वतः आखले आहे. नावांचे दोन रकाने अरुंद आहेत. तिसरा, खिदमतीचा, रुंद ठेविला आहे आणि तो वर्ष संपल्यावर, जिची सोबत झाली त्या आठवीच्या मुलीने आपल्या हाताने भरावयाचा आहे. चिठ्ठ्या फेब्रुवारीत टाकल्या जातील.